सगुणेची उडी

"सगुणा उडी मारणार नाही," काकी आतून म्हणाल्या.

माझं पेन कागदावर तसंच थांबलं. भाऊ ओटीवर येरझारा घालत सांगत होते आणि मी लिहून घेत होते. सगुणा कड्याच्या अगदी टोकावर उभी होती, वारा तिच्या शालूशी झोंबत होता, मागे दरवाजा फुटल्याचा आवाज आला होता. भाऊंनी उजवा हात वर नेला होता. तो हात खाली आला की सगुणेनंही खाली यायचं, एवढंच बाकी होतं.

हात वरच राहिला.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुम्हाला." काकी माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बिरड्यासाठी वाल सोलत होत्या, बोटांना सालं चिकटलेली. "ती उडी मारणार नाही."

"अगं, इतिहास आहे तो! साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्या कड्याला सगुणेचा कडा म्हणतात!"

"आपल्या आळीला कुंभारआळी म्हणतात. एक कुंभार दाखवा."

ही गोष्ट रोह्याची. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझे सासरे त्र्यंबकराव कारखानीस हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. धाकटी भावंडं त्यांना भाऊ म्हणायची आणि पुतणे सासूबाईंना काकी म्हणायचे. ती नावं इतकी चिकटली की पोटचा मुलगा, म्हणजे माझा नवरा श्रीरंग, हाही आईला काकीच म्हणायचा. मीही म्हणू लागले. भाऊंचा हात कापायचा, त्यामुळे त्यांना स्वतःला लिहिता येत नसे. मी ठाण्याला लघुलेखन शिकले होते. मला बघायला आले तेव्हा ते कळल्यावर त्यांनी पुढचं काहीही विचारलं नाही.

कादंबरीचं नाव होतं 'कांगणगड'. गडाचा किल्लेदार रायाजी, त्याची तरुण बायको सगुणा, आणि गडाला पडलेला वेढा. रायाजी मदत आणायला चोरदिंडीने बाहेर पडतो, मागे फितुरी होते, गनीम आत शिरतात आणि सगुणा कड्यावरून स्वतःला झोकून देते. पुढे गड परत मिळतो, पण रायाजी जन्मभर त्या कड्यावर जाऊन बसतो. अगदी शेवटच्या पानावर म्हातारा रायाजी कड्यावर बसलेला आहे आणि सूर्य बुडतो आहे. हे शेवटचं पान भाऊंनी सगळ्यांत आधी सांगून ठेवलं होतं. पुण्याचे अभ्यंकर नावाचे प्रकाशक दिवाळीला पुस्तक काढणार होते. अडलं होतं ते एवढ्या उडीपाशी.

आणि काकींनी अडवलं म्हणजे खरंच अडलं. काकी जुन्या मॅट्रिक. वाचनालयातली कादंबऱ्यांची कपाटं त्यांनी दोनदा पालथी घातलेली. एखादं पुस्तक सापडलं नाही की ग्रंथपाल घरी येऊन त्यांना विचारायचे. प्रत्येक प्रकरण झालं की भाऊ ते पहिलं काकींना वाचून दाखवायचे. वाचताना एक डोळा कागदावर, एक काकींच्या चेहऱ्यावर. त्यांनी मान हलवली की प्रकरण पुरं झालं.

"उडी मारायला तिच्या मनात काय होतं, ते सांगा," काकी म्हणाल्या.

"गडाची अब्रू!"

"ती दरवाजा फुटल्यावर. सकाळी काय होतं?"

"सकाळी?"

"सातव्या प्रकरणात तिनं मोरावळा घातलाय. बरणीला फडकं बांधून उन्हात ठेवलीय. मोरावळा घातलेली बाई चार दिवसांनी उडी मारते होय?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी सातवं प्रकरण काढलं. मोरावळा होता. फडकंही होतं.

"ते वातावरणनिर्मितीसाठी आहे," भाऊ म्हणाले.

"आणि चोरदिंडी? नवरा गेला तिथून. ती का नाही गेली? तिला दिंडी दिसत नव्हती?"

"इंदू, ती वीरांगना आहे!"

"म्हणून आंधळी आहे?"

भाऊंचा आवाज चढला. "उज्ज्वला, लिही. सगुणेने डोळे मिटले—"

"उजू, लिहिलंस तर बघ."

मी पेनाला टोपण लावलं. नव्या सुनेला याहून जास्त शौर्य झेपत नाही.

"तिनं उडी मारली की मी या कादंबरीतून उठले," काकी म्हणाल्या. "पुढचं एक अक्षर ऐकायची नाही. मग अभ्यंकरांना वाचून दाखवा, नाहीतर कावळ्यांना."

"ऊठ! खुशाल ऊठ!"

आणि त्या खरंच उठल्या. म्हणजे घरातलं काही बिघडलं नाही. स्वयंपाक चोख, भाऊंचं धोतर वेळेवर वाळलेलं, गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या. फक्त बोलणं बंद. आमच्या घरात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी पानात पडली की एरवी गोंगाट असायचा; आता चार माणसं चावल्याचे आवाज ऐकत जेवायची. श्रीरंगनं तर कारखान्यात शिफ्ट बदलून घेतली. मला म्हणाला, "तू त्यात पडू नकोस. ते दोघं माझ्या मुंजीपासून असेच आहेत." हे सांगून तो डबा घेऊन निघून गेला, आणि मी पडले.

कारण भाऊ थांबलेले होते. उडीचं प्रकरण त्यांनी मला दुसऱ्या दिवशी पुरतं सांगितलं, पण ते वाचून कुणाला दाखवायचं? मला दाखवून उपयोग नव्हता. मी त्यांना सगळंच छान म्हणायचे. दोन दिवस भाऊ ते कागद हातात घेऊन ओटीवरून माजघरापर्यंत जायचे, दारापाशी खाकरायचे आणि परत यायचे. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाले, "तिला विचारून ये. उडी नसेल पटत तर ताप चालेल का?"

मी स्वयंपाकघरात गेले. "काकी, भाऊ विचारतायत, ताप चालेल का?"

"कुणाला आलाय?"

"सगुणेला."

"त्यांना सांग, तापाला काढा देतात. वैद्यबुवा गडावर आहेत. दुसऱ्या प्रकरणात त्यांनी रायाजीची जखम तीन दिवसांत बरी केलीय."

मी ओटीवर आले. भाऊ विचारात पडले. "मग सर्पदंश?"

"साप कसा काय चालेल?" काकी म्हणाल्या. "मांत्रिक नाही का त्यांचा, तो दाढीवाला? त्यानं घोड्याचं विष उतरवलं. घोड्याचं उतरतं आणि बाईचं नाही?"

"बाण," भाऊ म्हणाले.

"ती बुरुजावर कशाला जाईल? त्यांनीच लिहिलंय, सगुणेला उंचीची भीती वाटे."

हे मात्र भाऊंना अनपेक्षित होतं. "असं लिहिलंय मी?"

मी शोधलं. लिहिलं होतं. रायाजी तिला हात धरून तटावर नेतो, ती डोळे झाकून त्याला बिलगते, असा एक गोड प्रसंग होता चौथ्या प्रकरणात.

"मग कड्यावर कशी गेली ती?" मी विचारलं. खरं तर माझ्या तोंडून निसटलंच.

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच गडाची दिंडी उघडली होती.

मी तेव्हा नवी होते आणि मला वाटायचं मला माणसं कळतात. मला वाटलं, उत्तर सोपं आहे. नवरा कादंबरी लिहितो, त्यातली बायको सुंदर, तरुण, लाडकी. काकींना वाटत असणार की सगुणा म्हणजे त्याच. स्वतःला कड्यावरून ढकललेलं कुणाला आवडेल? दुपारी भाऊ आरामखुर्चीत पडले होते तेव्हा मी हे त्यांना सांगितलं, थोडं कौतुकानंच. "काकींना वाटतं, सगुणा त्याच आहेत."

भाऊ हसले नाहीत. "नाही गं," ते म्हणाले. "तिला ठाऊक आहे, ती नाही ते." आणि त्यांची नजर समोरच्या भिंतीकडे गेली.

त्या भिंतीवर एक फोटो होता. नाकात नथ, नजर जराशी खाली, अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. शालिनी. भाऊंची पहिली बायको. लग्नाच्या पहिल्याच वर्षी विषमज्वरानं गेली, त्यानंतर काकी या घरात आल्या. मला हे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. फोटो पुसायच्या त्या काकीच, आणि तिच्या तिथीला निनावाच्या गोड वड्या करायच्या त्याही काकीच, कारण तिला निनाव आवडायचं. घरात जशी एखादी खुंटी असते तसा तो फोटो होता. त्याच्याकडे कुणी बघत नसे.

मी आत जाऊन ते आधीच सांगून ठेवलेलं शेवटचं पान काढलं. लिहून घेताना शब्द कानातून हातात जातात, डोक्यात थांबत नाहीत. आता वाचलं. सूर्य बुडत होता, म्हातारा रायाजी कड्यावर बसला होता आणि मधेच एक वाक्य होतं: 'वंशासाठी रायाजीने पुढे बयाबाईशी लग्न केले, ती घर नेटके ठेवी.'

साऱ्या कादंबरीत बयाबाईला एवढंच वाक्य होतं.

काकी परसात होत्या. सोडे वाळत घातले होते आणि हातात काठी घेऊन त्या कावळे राखत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. कसं विचारावं ते सुचेना, म्हणून सरळच विचारलं.

"काकी, तुम्हाला बयाबाईचा राग आलाय का?"

"बयाबाईचा कशाला येईल? बिचारी घर नेटकं ठेवते." काठी एका कावळ्यावर उगारली. "मला सगुणेचाही राग नाही. पण ती मरता कामा नये."

"का पण?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाल्या, "मी शालिनीला कधी पाहिलं नाही. पण तिचं सगळं मला पाठ आहे. ती हळू चालायची. ती मोठ्यानं हसायची नाही. तिच्या हातचे कानवले तळताना फुटायचे नाहीत. आधी सासूबाई सांगायच्या, मग नणंदा. यांनी कधी सांगितलं नाही, खोटं कशाला बोलू? पण माझा कानवला फुटला की हे नुसते थांबायचे. एवढंसंच. घास हातात धरून."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? नणंदेशी भांडता येतं, सासूशी भांडता येतं. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, उजू. ती हरतच नाही. मी म्हातारी झाले, माझे दात पडले, आवाज फुटला. ती तिथं अठराचीच." त्या हसल्या. "पोर गोड आहे गं. माझ्या मुलीसारखी वाटते आता. पण हे सगळं पुन्हा पुस्तकात छापून सगळ्या जिल्ह्याला वाचायला द्यायचं, म्हणजे मग झालंच."

"म्हणून सगुणेला जगवायचं?"

"जगू दे तिला! चार बाळंतपणं होऊ देत. गुडघे धरू देत. तो घोरतो म्हणून तिनं एकदा उशी आपटू दे. आणि मग बसू दे रायाजीला कड्यावर जाऊन. बघते मी, किती वेळ बसतो ते. हाड! मेल्या, डोळ्यांदेखत नेतोस?"

कावळ्यानं एक सोडा नेला. काकी काठी घेऊन त्याच्या मागे पेरूच्या झाडापर्यंत गेल्या, आणि आमचं बोलणं तिथं संपलं.

भाऊंना यातलं काही सांगायचं धाडस मला नव्हतं, आणि सांगणं बरोबरही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आपण एक प्रकरण नुसतं करून बघूया का? सगुणा चोरदिंडीनं निसटली, असं. नाही जमलं तर फाडून टाकू." भाऊ आधी चिडले, मग त्यांनी इतिहासाचार्यांची नावं घेतली, मग म्हणाले, "एकच प्रकरण." ऐकणारं माणूस उठून गेल्यापासून ते फारच केविलवाणे झाले होते.

दुपारी सुरुवात झाली. वर्णन झोकात आलं. "लिही. वीस वर्षे लोटली. सगुणाबाईंच्या केसांत रुपे उतरले होते. रायाजी मोहिमेवरून परतला. महालाच्या उंबरठ्यावर त्याची चाहूल लागताच सगुणा पुढे आली आणि म्हणाली—"

मी पेन धरून बसले.

"सगुणा म्हणाली," भाऊ म्हणाले. ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. "म्हणाली की—" परत आले. फोटोसमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. काही येईना. या आधीच्या अकरा प्रकरणांत सगुणा लाजली होती, बिलगली होती, डोळ्यांनी पुष्कळ बोलली होती. पण हे तेव्हा आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं: तिनं तोंड असं उघडलंच नव्हतं.

मग एकदम, फोटोकडे पाठ करून, भाऊ घाईघाईनं बोलू लागले.

"सगुणा म्हणाली, 'आलात? पायांवर पाणी घ्या आधी. गड जिंकला म्हणून चिखल घरात आणायचा नाही.' रायाजी म्हणाला, 'अगं, मी बारा कोस घोडदौड करून आलो.' 'दौड घोड्यानं केली. तुम्ही बसला होतात. आणि ही मोहीम होती की मेजवानी? पोट बघा.' लिहितेस ना? 'ती तलवार खुंटीला टांगा आणि ताटावर बसा. शौर्य जेवून झाल्यावर सांगा, तोवर आमटी निवते.'"

मला हसू आवरेना, आणि भाऊंना थांबवेना. सगुणेनं रायाजीच्या फेट्याला नावं ठेवली. त्याच्या दोस्तांना नावं ठेवली. शिलेदाराच्या मुलीचं लग्न जमवलं. रायाजी रुसला तर त्याला म्हणाली, 'रुसा, पण ताक पिऊन रुसा.' कागदावर कागद भरत गेले. कांगणगड पहिल्यांदा गजबजला.

मग भाऊ मधेच थांबले. आतून काकी मोलकरणीला काहीतरी बजावत होत्या. भाऊ कान देऊन ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"उज्ज्वला, हे कोण बोलतंय?"

मी माजघराच्या दाराकडे पाहिलं.

ते खुर्चीत बसले. "मला शालिनीचा आवाज आठवत नाही," ते म्हणाले. "आताच लक्षात आलं. आमचं बोलणं असं झालंच किती? आईआबांसमोर बोलायची रीत नव्हती. ती 'हो' म्हणायची. कधी 'नाही' म्हणाली असेल तर मला ऐकू आलं नसेल. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती मला तोंडपाठ आहे."

"हे सगळं खोडू का?"

"नको." थोड्या वेळानं म्हणाले, "बायको बोलायला लागली, की माझ्या कानात हा एकच आवाज येतो. त्याला मी काय करू?"

मग शेवटचं पान मागून घेतलं, आणि बयाबाईच्या वाक्यावर स्वतःच्या कापऱ्या हातानं रेघ मारली. ती रेघ वेडीवाकडी होऊन मावळत्या सूर्यातूनही गेली, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

संध्याकाळी मी कागद घेऊन माजघरात गेले. भाऊंना स्वतः वाचायचा धीर नव्हता. ते दारापाशी पाटावर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले. अडकित्ता चालू होता, पण त्यात सुपारी नव्हती.

"उडी मारली का तिनं?" काकींनी विचारलं.

"नाही."

"ताप?"

"नाही. जिवंत आहे."

"साप?"

"काकी, ऐका तर!"

मी वाचू लागले. काकी भिंतीला टेकून बसल्या, तोंड मुद्दाम दुसरीकडे. चिखल आला तेव्हा त्यांनी मान हलवली. "बरोबर. चिखलाचं बरोबर बोलली." घोड्याच्या वाक्याला त्या हसल्या. पोटाच्या वाक्याला थोडं कमी हसल्या. मग हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"जरा तोंडाळच आहे ही," त्या म्हणाल्या. "तो बिचारा दमून आलाय, त्याला टेकू तर दे. मग बोल."

मी पुढे वाचलं. तलवार खुंटीला टांगा आणि ताटावर बसा.

काकी ताठ झाल्या. "थांब. हे मी म्हटलं होतं. श्रीरंगच्या मुंजीत. 'तुमचा इतिहास खुंटीला टांगा आणि पंगतीला बसा.' साऱ्या पाहुण्यांसमोर म्हटलं होतं."

अडकित्ता रिकामाच कटकट करत राहिला.

"आणि ताक पिऊन रुसा? ते तर गेल्या महिन्यातलं आहे!" काकी पूर्ण वळल्या आणि दाराकडे बघू लागल्या. भाऊंनी मान वर केली नाही. काकींचा चेहरा लाल झाला होता, रागानं की कशानं ते मला सांगता यायचं नाही. डोळे भरले होते आणि ओठ आवळलेले होते. मग एकदम त्या उसळल्या.

"मारा हिला! असली बाई कादंबरीत शोभत नाही. नुसती कटकट. ढकला कड्यावरून!"

अडकित्ता थांबला.

"नाही ढकलत," भाऊ म्हणाले. खाली मान घालून, अगदी हळू. "आता उशीर झाला, इंदू. रायाजीला तिची सवय झालीय."

काकींनी पदर उगाच सारखा केला, डोळ्यांवरून हात फिरवला आणि पुन्हा भिंतीला टेकल्या. पण या वेळी तोंड दाराकडे होतं.

"थांबलीस का?" त्या मला म्हणाल्या. "वाच पुढे. आणि जरा सावकाश वाच. ही बाई काय काय म्हणते ते मला नीट ऐकू दे."